घरचा कॅनव्हास

चित्रकला हा पैसेवाल्यांचा छंद, अशी समजूत आपल्या घरांतून घट्ट बसलेली आहे. मुलगी कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर चित्रे काढते, तोवर तिचे कौतुक. तिने कॅनव्हास मागितला की आईवडील दुकानातली किंमत ऐकून माघारी फिरतात, आणि पुष्कळदा पोरीची चित्रकला तिथेच थांबते. नालासोपारा-विरारच्या चाळींतून आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. म्हणून आज थोडा कॅनव्हासचा हिशेब. आम्ही पडलो कारकून, हिशेबावाचून आम्हाला चैन पडत नाही!

कॅनव्हास म्हणजे ताणलेले कापड आणि त्यावर दिलेली 'जमीन', म्हणजे रंग धरणारा लेप. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या वारली घरांत कुडाच्या भिंतीवर शेणाचा वा गेरूचा लेप देतात आणि त्यावर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रे काढतात. १९७०च्या दशकात ही कला कागदावर नि कापडावर आली, तेव्हा कापडालाही तोच लेप मिळाला. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) याच कलेतून मोठे झाले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राची जमीन दुकानातूनच आणावी लागते, असे नाही.

आता कृती. ३६ इंच पन्ह्याचा एक मीटर कोरा मांजरपाट घ्या. गरम पाण्यात धुऊन खळ काढा. कापड आटायचे ते आधीच आटू द्या, मग इस्त्री करा. १० बाय १२ इंचाच्या चौकटीला चारही बाजूंनी दोन-दोन इंच जादा धरले, तरी त्यात चार कॅनव्हास बसतात. चौकटीसाठी सुताराकडच्या उरलेल्या पट्ट्या चालतात. फक्त दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत ना ते पाहा, नाहीतर चौकट तिरकी होते. कापड ठोकताना कोपऱ्यापासून सुरुवात करू नका. आधी एका बाजूच्या मध्यावर खिळा, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर, आणि तसेच कोपऱ्यांकडे सरका.

पहिला हात पाणी घातलेल्या फेविकॉलचा. तो टाळू नका. तैलरंगातले जवसाचे तेल उघड्या कापडात मुरले की काही वर्षांत कापड कुजते. तो हात वाळल्यावर एक वाटी फेविकॉल, एक वाटी पाणी आणि रंगाच्या दुकानात मिळणारी खडूची पावडर एकत्र करा. मिश्रण ताकापेक्षा घट्ट नि दह्यापेक्षा पातळ हवे. एक हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा, वाटल्यास तिसरा. मधूनमधून बारीक पॉलिश पेपर फिरवा. खडूऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस घेऊ नका, ते वाटीतच घट्ट होऊन बसते.

कोणी मैद्याची खळ सुचवतील. स्वस्त खरी, पण आपल्या वसई-विरारच्या पावसाळी दमटपणात तिला हमखास बुरशी धरते. आणखी एक. हा कॅनव्हास गुंडाळून ठेवू नका, लेपाला तडे जातात. विकायच्या मोठ्या चित्राला विकतचाच कॅनव्हास बरा. पण हात बसेपर्यंत मुलीला दहा चित्रे बिघडवता आली पाहिजेत, आणि ती या कॅनव्हासवर खुशाल बिघडवावीत. कापडाच्या उरलेल्या चिंध्यांनाही लेप देऊन ठेवा, रंग करून पाहायला कामी येतात.