कणकेचे हात आणि हिंदी टायमर

आपल्या इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत ओट्यावर मिक्सरशेजारी आता एक बोलणारी डबी असते. नसेल तिथे फोनच साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतात. हात कणकेने भरलेले असले की "दस मिनट का टायमर लगाओ" म्हणायचं, काम झालं. खिरीसाठी एक आणि कुकरसाठी एक, असे दोन टायमर एकदम लावता येतात. (तिचा हिशेब मिनिटांचा, आपला शिट्ट्यांचा, तेवढं जुळवून घ्यायचं.) यादीत धने घाल, एकादशी कधी, भीमसेनांचा अभंग लाव, यापलीकडे फारसं कोणी काही विचारत नाही. तेवढ्यापुरती ती खरंच सोयीची आहे.

मला खटकते ती भाषा. अलेक्सा २०१९ मध्ये हिंदी शिकली, मराठी नाही. म्हणून आपणही ओट्याशी उभं राहून हिंदी बोलू लागलो. इंदुरात बाजार हिंदी, शाळा इंग्रजी, शेजार हिंदी. होळकरांच्या काळापासून टिकलेल्या आपल्या मराठीला हक्काची जागा उरली ती स्वयंपाकघराची. परात, झारा, उलथनं, मोहन, कढत पाणी, हे शब्द मुलांच्या कानावर दुसरीकडे कुठे पडणार?

गणपतीच्या आदल्या दिवशी मी मोदकांच्या पाण्याचं प्रमाण बोलत होते, तर नात म्हणाली, "आजी, तिला हिंदीत सांग, मराठी नाही समजत तिला." पोरीने हे सांगितलं मात्र मराठीतच!

त्यानंतर डबी दिवाणखान्यात गेली. पाहुणे आले की तिचं माइकचं बटण दाबून ठेवतो. लाल दिवा लागला म्हणजे ती ऐकत नाही. ओट्यावर आता फोन. गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी येते, हे पुष्कळांना ठाऊकच नाही. सेटिंगमध्ये जाऊन भाषा तेवढी निवडायची. सुनेने दोन मिनिटांत करून दिलं. पाककृती मात्र त्यालाही विचारत नाही. त्यासाठी देवासच्या नणंदेला फोन लावते, म्हणजे मोदकांबरोबर चार घरच्या गोष्टीही कळतात.

टायमर लावायचं काम नातीकडे आहे. "उकडीसाठी पाच मिनिटं," ती सांगते. एक्झॉस्ट पंख्याच्या आवाजात फोनला ऐकू जात नाही, मग दोन-तीनदा ठासून म्हणते, उकड, उकडीसाठी.