आधी नोंद, मग संवाद



'संवाद' या शब्दाविरुद्ध लिहायला हात धजावत नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात तो आमच्याकडून घोटून घेतला होता. पण नेपाळमधल्या एका कार्यशाळेत बसून आल्यापासून हाच शब्द मला टोचतो आहे.

कार्यशाळा एका स्वयंसेवी संस्थेची, पैसा परदेशी, विषय लोकशाही आणि सलोखा. युद्धात घरचं माणूस गमावलेल्या, अत्याचार सोसलेल्या बाया गोल करून बसल्या होत्या. मन मोकळं करा, दुसऱ्याचं ऐका, झालं गेलं मागे टाका, असं चाललं होतं. शेवटी एका बाईने विचारलं की आम्ही हे जे सांगितलं, ते लिहून कुठे जाणार? कुणाकडेच उत्तर नव्हतं. अहवालात मात्र ती 'सहभागी महिला' म्हणून मोजली गेली असणार.

तिचा प्रश्न नीट समजून घेऊ. १९९६ ते २००६ या दहा वर्षांच्या युद्धात नेपाळमध्ये सुमारे १७,००० माणसं मेली, तेराशेहून जास्त बेपत्ता झाली. बायांवर अत्याचार करणारे सरकारी फौजांमध्ये होते, तसे माओवाद्यांतही होते. २००६ च्या नोव्हेंबरात शांतता करार झाला. वाटाघाटींना दोन्हीकडून पुरुषच बसले. पुढे मृतांच्या आणि बेपत्तांच्या कुटुंबांना सरकारी मदत मिळाली. बलात्कार सोसलेल्या बाईला मात्र त्या योजनेत जागाच नव्हती. फिर्याद करावी, तर कायद्यात मुदत होती ३५ दिवस! गावात बंदूकधारी फिरत असताना ३५ दिवसांत चौकी कोण गाठणार? ही मुदत २०१५ मध्ये १८० दिवस झाली, २०१८ मध्ये एक वर्ष, २०२२ मध्ये प्रौढ बाईसाठी दोन वर्षं. युद्धातल्या बाईला यातली एकही पुरली नाही. २०१५ मध्ये नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगाकडे साठ हजारांवर तक्रारी आल्या. त्यात लैंगिक हिंसेच्या जेमतेम तीनशे.

अशा बाईला आपण म्हणतो, बोल, आणि माफ कर! हा कसला संवाद? गुन्ह्याची नोंद नाही, भरपाई नाही, आरोपी त्याच गावात. तिथे सलोख्याचा अर्थ एकच उरतो : तू गप्प राहा.

काहीजणी म्हणतील, निदान बाया एकत्र तर येतात? येतात, आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण एकत्र येऊन काय करायचं, हेही नेपाळच्याच बायांनी दाखवलं आहे. २००६ मध्ये अंतरिम संविधानाच्या मसुदा समितीत सगळे पुरुष होते. बाया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा समितीत स्त्रियांना घ्यावं लागलं. पीडितांचे गट वर्षानुवर्षं भांडले. २०२४ मध्ये आयोगाचा कायदा दुरुस्त झाला आणि बलात्काराची गणना माफी नसलेल्या गंभीर गुन्ह्यांत झाली. लोकशाही शिकवायची तर ही शिकवा. तिला तक्त्यांची आणि रंगीत खडूंची गरज नाही.

हे दुसऱ्यांकडे बोट दाखवणं नाही. मीही कुटुंब सल्ला केंद्रात काम केलं आहे. मार खाऊन आलेल्या बाईला नवऱ्यासमोर बसवून 'समेट' घडवला आणि रजिस्टरमध्ये 'प्रकरण मिटले' असं लिहिलं. मिटलं कुणाचं? तिच्या अंगावरच्या वळांची नोंद मी केली नव्हती. नेपाळमधल्या त्या बाईने प्रश्न आयोजकांना विचारला, पण मान माझी खाली गेली.

म्हणून यापुढे बायांना संवादाला बोलावणाऱ्या प्रत्येक संस्थेला, आपल्या स्वतःच्या संस्थेलाही, आपण तीन प्रश्न विचारू या. तिने सांगितलेलं कुठे नोंदवलं जाणार? तिला मदत कोण देणार? तिने माफ करायला नकार दिला, तर तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहणार का?

उत्तरं नसतील, तर गोल मोडा आणि तिच्याबरोबर चौकीवर चला.