इंडक्शन शेगडी : आधी अर्थिंग, मग स्वयंपाक

इंडक्शनची शेगडी आता आपल्याकडे नवलाईची राहिलेली नाही. सिलिंडर वेळेवर मिळत नाही म्हणून कोणी घेतो, शिकायला बाहेरगावी ठेवलेल्या मुलाच्या खोलीसाठी कोणी घेतो, तर कोणाकडे ती लग्नाच्या आहेरात येते. शेगडी घरात आली की आठ-पंधरा दिवसांत दवाखान्यात प्रश्न ठरलेला : "डॉक्टर, हिच्या किरणांनी कॅन्सर होतो म्हणतात, खरे का?" माझे मत असे, की लोक ज्याला भितात त्यात फारसा अर्थ नाही आणि ज्याला भ्यायला हवे त्याकडे कोणी पाहात नाही.

प्रथम किरणांचे पाहू. शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज गेली की चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते सेकंदाला वीस हजार किंवा त्याहून अधिक वेळा बदलत राहते. त्यामुळे भांड्याच्या लोखंडी बुडात विजेचे प्रवाह खेळू लागतात आणि भांडे स्वतःच तापते. म्हणूनच साधा ॲल्युमिनियमचा टोप किंवा तांब्याचे पातेले हिच्यावर तापत नाही. बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटले तर भांडे चालेल, एवढी परीक्षा पुरे. क्ष-किरणांमध्ये पेशींना इजा करण्याची जी शक्ती असते, ती या क्षेत्रात नाही. अन्नातही त्याचे काही उरत नाही. शेगडीपासून थोडे दूर होताच त्याचा जोर झपाट्याने कमी होतो.

अपवाद एकच, पेसमेकर बसवलेल्या रुग्णांचा. शेगडी चालू असताना छातीतील यंत्र आणि शेगडी यांत निदान दोन फूट अंतर ठेवावे, भांड्यात वाकून पाहू नये आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्यावे. पेसमेकर बसवला म्हणून घरच्यांनी आजींना स्वयंपाकघरात पाऊलच टाकू न देणे, हा मात्र अतिरेक आहे. ज्या बाईने पन्नास वर्षे घर जेवू घातले, तिला असे एका कोपऱ्यात बसवणे तिच्या प्रकृतीला मानवत नाही.

आता खऱ्या भयाकडे वळू. बहुतेक शेगड्या १५०० ते २००० वॅटच्या असतात. २००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते. मोबाइल चार्ज करण्याचे लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. त्यात किंवा लोंबत्या एक्स्टेन्शन बोर्डावर ही शेगडी लावली की वायर तापते, प्लास्टिक वितळते आणि प्रसंगी आग लागते. हिला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंटच हवा. त्याहून वाईट खोड म्हणजे प्लगची जाड, वरची पिन मोडून तो दोन भोकांच्या बोर्डात खुपसणे. ती पिन अर्थिंगची. ओला ओटा, ओले हात, अनवाणी पाय आणि स्टीलचे भांडे असा सगळा मेळ स्वयंपाकघरात जमलेला असताना तीच पिन आपला जीव राखते.

आपल्या गावातील कितीतरी जुन्या घरांत तीन भोकांचे बोर्ड आहेत, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की शेगडीचे पैसे बाजूला काढण्याआधी वायरमनचे पैसे बाजूला काढा. अर्थिंग तपासून घ्या, जमल्यास ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. भाड्याच्या घरात हे काम घरमालकाचे आहे, आणि भाडेकरूने ते मागण्यात संकोच करू नये. दुकानदारांनीही शेगडी विकताना "घरी अर्थिंग आहे ना?" एवढे विचारले तर पुण्यच लागेल. कोणी म्हणेल, डॉक्टरने वायरमनच्या कामात का पडावे? शॉकने हृदय बंद पडलेला माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, म्हणून पडावे लागते.

दुसरे भय भाजण्याचे. ज्वाळा दिसत नाही म्हणून शेगडी गार आहे असे वाटते, पण भांडे उतरवल्यावरही काच चांगलीच तापलेली असते. वायर ओट्याखाली लोंबत ठेवू नये, रांगते मूल ती ओढते. कढईत तेल घालून फोन घ्यायला जाऊ नये, कारण इथे तेल फार लवकर तापते. तेल पेटलेच तर पाणी ओतू नये. भिंतीवरचे बटण बंद करून वर झाकण ठेवावे. भाजल्यास त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. चेहरा, हात भाजला असेल किंवा भाजलेले लहान मूल असेल तर पाण्यानंतर लगेच डॉक्टर गाठावा.

निगा सोपी आहे. खालच्या पंख्याची जाळी मोकळी असावी. शेगडीखाली प्लास्टिक किंवा वर्तमानपत्र (हे सुद्धा!) अंथरू नये. स्वयंपाक संपल्यावर पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचे बटण बंद करू नये. काच गार झाल्यावर पिळलेल्या फडक्याने पुसावी, तारेच्या काथ्याने घासू नये. उतू गेलेले दूध लगेच निपटावे, नाही तर झुरळे आत शिरतात. काचेला तडा गेला तर त्या दिवसापासून शेगडी बंद, कारण तड्यातून पाणी विजेच्या भागापर्यंत पोचते.

चुलीच्या धुराने खोकणाऱ्या बायाबापड्या मी आयुष्यभर तपासल्या आहेत. बिनधुराची ही शेगडी मला मनापासून हवीशी वाटते. मात्र तिच्या आधी घरात वायरमन येऊन गेलेला असावा.