निम्मे पैसे दसऱ्याआधी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांनो, यंदा दिवाळीच्या भेटी दुकानातून उचलू नका, करवून घ्या. दसऱ्याच्या आत ऑर्डर द्या आणि ऑर्डर देतानाच निम्मे पैसे मोजा. मला मागायचं आहे ते एवढंच. ते का मागतो आहे, ते आता सांगतो.

'हस्तकलेला प्रोत्साहन द्या' हे आवाहन आपल्या कानांना सवयीचं झालं आहे. दिवाळीच्या तोंडावर बचत गटांचं प्रदर्शन लागतं, फीत कापली जाते, पाहुण्यांच्या खांद्यावर शाल पडते (ती शाल बहुधा यंत्रावरची असते, पण ते असो). आपण एक फेरी मारतो, एखादं तोरण हातात घेऊन उलटंसुलटं बघतो, 'छान आहे हो, पण महाग' म्हणतो, आणि बाहेरच्या गाडीवर वडापाव खाऊन घरी येतो. झालं प्रोत्साहन!

त्या तोरणामागचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. दिवाळीत विकायच्या कंदिलासाठी कामट्या, कागद, कापड, दोरा, खळ हे सगळं गणपतीच्या सुमारालाच घ्यावं लागतं. नेमके तेव्हा करणारीच्या हातात पैसे नसतात. मग ती गटातून कर्ज काढते, नाहीतर आठवड्याच्या हप्त्यावर देणाऱ्या फायनान्सवाल्याकडून घेते. कंदील तयार झाले की दुकानदार म्हणतो, 'ठेवून जा, खपले तर पैसे.' खपले तरी पैसे तुळशीच्या लग्नानंतर, तेही दोन-तीन खेपा घातल्यावर. नाही खपले तर माल परत. भाऊबीज उलटल्यावर कंदील कोण घेणार? म्हणजे या सगळ्या व्यवहारात जिच्याजवळ सर्वांत कमी पैसा, तिच्याच डोक्यावर सगळी जोखीम. तिचा हात कितीही चांगला असला तरी असा धंदा दोन दिवाळ्यांपलीकडे टिकत नाही. तिसऱ्या वर्षी ती स्टॉलवर दिसत नाही, आणि आपण म्हणतो, 'या बायकांमध्ये चिकाटी नाही.'

या दुखण्यावर उपाय कधीच सापडलेला आहे. १९४६ साली एड्ना रूथ बायलर या अमेरिकी बाईंनी पोर्तो रिकोतल्या गरीब बायकांचं भरतकाम विकत घेऊन आपल्या ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली. अशाच प्रयत्नांतून पुढे जगभर 'फेअर ट्रेड'ची चळवळ वाढली. या चळवळीच्या जागतिक संघटनेची दहा तत्त्वं आहेत. बालमजुरी नको, बाईला पुरुषाइतकंच वेतन, पर्यावरणाची काळजी, असं त्यांत बरंच काही आहे. पण मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते एक रुक्ष, हिशेबी कलम. हस्तकलेच्या वस्तूंची ऑर्डर देणाऱ्याने, करणाऱ्याने मागितल्यास, किमान ५० टक्के रक्कम आगाऊ द्यायची आणि तीही बिनव्याजी. कौतुकाने घर चालत नाही, हे त्या कलमाला कळलेलं आहे.

आणि हे काही परमुलखातून शिकायला नको. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात खादीच्या वेषात गेले होते. पुढे अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत महाराष्ट्र पिंजून काढला. त्या पैसा फंडाला टिळकांनी बळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आधी लोकांचा पैसा, मग भट्टी. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज त्याला आपण 'लिज्जत' म्हणतो. पीठ संस्थेकडून न्यायचं, पापड आणून द्यायचे आणि मजुरी लगेच हातात घ्यायची, या साध्या शिस्तीवर हजारो घरं उभी राहिली. तिथे कुणा बाईला उडदाच्या डाळीसाठी पदरचे पैसे घालून बसावं लागलं नाही.

आपल्या तीन गावांत तर हातकामाचा इतिहास रक्तातच आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. बराकींमध्ये पडदे लावून संसार मांडलेल्या त्या लोकांनी पापड लाटले, मिठाया केल्या, लोकलच्या डब्यांतून माल विकला. या शहराचं पहिलं भांडवल माणसांचे हात हेच होतं. पुढे 'मेड इन यूएसए'चा विनोद या शहराला चिकटला, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हसून घ्या. पण त्या विनोदात एक बोचणारी गोष्ट आहे. माल इथल्या हातांचा आणि नाव दुसऱ्याचं, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे.

कॅम्पांच्या गल्ल्यांतून दुपारी चालत जा. दारात बसून बायका जीन्सचं धागा कटिंग करत असतात, मणी ओवत असतात, खडे चिकटवत असतात. नगावर पैसे. माल आणून देणारा एक, नेणारा दुसरा, आणि शेठ कोण हे अनेकींना माहीतही नसतं. दिवसभराची कमाई मजुरीच्या दराने मोजली तर ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. घरी बसून काम करणाऱ्यांना कामगाराचे हक्क द्या, असं सांगणारा आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक १७७, १९९६ मध्ये झाला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. सरकार देईल तेव्हा देईल. आपण गिऱ्हाईक आहोत, आपल्याला कुणाच्या सहीची वाट बघायची गरज नाही.

गिऱ्हाईक म्हणून आपण मात्र मोठे सोयीचे स्वाभिमानी. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि महाराष्ट्र खवळला. खवळणं बरोबरच होतं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि ते महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या कारागिरांचं आहे. पण त्याच आठवड्यात आपल्यापैकी किती जण कोल्हापुरीच्या दुकानात 'शेवटचा भाव बोला' म्हणत होते? वारली चित्राचंही तेच. मानांकन २०१४ पासूनचं, आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याची कला. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. आणि आपण हळदीकुंकवाला वाटतो त्या पिशव्यांवर यंत्राने छापलेले वारली नाचत असतात. त्यातला एक रुपयाही पाड्यावर पोचत नाही.

हळदीकुंकवाचा विषय निघालाच आहे, तर जरा थांबू. आपला भेटी देण्याचा हंगाम दिवाळीत संपत नाही. नाताळ येतो, मग संक्रांत, आणि रथसप्तमीपर्यंत वाण लुटणं चालूच. एकेका घरातून पन्नास-पन्नास वस्तू जातात. काय जातं? प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या, कुणालाच नको असलेले साबणाचे बॉक्स. घेणारी ते तसंच ठेवते आणि पुढच्या वर्षी दुसरीला देते. अशी एखादी डबी बदलापूर पूर्वेहून पश्चिमेला जाऊन परत आल्याची उदाहरणं घरोघरी सापडतील!

आता याच महिन्यांत बदलापूरच्या मागच्या डोंगरात काय होतं ते बघा. दिवाळी झाली की मुरबाड, कर्जत, शहापूरकडच्या कातकरी वाड्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. पावसाळ्यात पोट भरायला मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला. मुलांची शाळा तुटते. म्हणजे आगाऊ पैसे देण्याची रीत आपल्याकडे आहे की! फक्त ती माणसाला बांधून घालण्यासाठी वापरली जाते. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ चा आहे, तरी ही उचल चालूच आहे. वाणाच्या सुपल्या आणि परड्या घेतल्याने हे स्थलांतर थांबेल, असा माझा दावा नाही. तेवढं भोळं राहून चालणार नाही. पण शेजारच्या पालघर जिल्ह्यात, विक्रमगडच्या बाजूला, केशवसृष्टी या संस्थेच्या मदतीने आदिवासी बायका बांबूचे कंदील आणि राख्या करतात आणि त्या शहरांत विकल्या जातात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी 'झाड' राहिलेला नाही, त्यामुळे तो तोडायचा आणि न्यायचा जाच कमी झाला. बांबू आहे, हात आहेत. वेळेवर येणारं गिऱ्हाईक तेवढं कमी आहे.

आनंदनगर, मोरिवली, माणकिवलीच्या कारखानदारांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. कामगारांना दिवाळीला ड्रायफ्रूटचा तोच डबा देता ना? तो कुठल्याशा घाऊक बाजारातून येतो आणि आठ दिवसांत संपतो. त्याऐवजी फराळाचं काम गटाला द्या, पिशव्या शिवून घ्या. आणि पैसे अडकवू नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, असं २००६ चा कायदा सांगतो. पण चकल्या तळणाऱ्या बाईकडे नोंदणीचा कागद नसतो आणि तिला ४५ दिवस परवडतही नाहीत. तेलवाला रोख मागतो.

सोसायट्यांसाठी तर हे फारच सोपं आहे. समजा २०० फ्लॅटची सोसायटी आहे. प्रत्येक घराने दीडशे रुपयांच्या दोन वस्तू सांगितल्या तर ६० हजार होतात. निम्मे, म्हणजे ३० हजार, दसऱ्याआधी एका गटाच्या खात्यात जमा. तेवढ्यात त्यांचा सगळा कच्चा माल रोखीने येतो, घाऊक भावाने येतो आणि सावकाराची पायरी चढावी लागत नाही. उरलेले निम्मे माल मिळाल्यावर, त्याच दिवशी. उधारी नाही, घासाघीस नाही.

'पैसे घेऊन पळाली तर?' हा प्रश्न येणारच. बदलापुरात फ्लॅट घेतलेल्यांनी तरी तो विचारू नये. खड्डा खणायच्या आधी बिल्डरला आपण लाखो रुपये दिले आणि ताब्याची वाट बघत भाडं भरत वर्षं काढली. दीडशे रुपयांच्या निम्म्यासाठीच आपल्याला शंका सुचतात.

'फिनिशिंग नसतं' ही तक्रार मात्र खरी आहे, आणि ती बायकांनीही ऐकून घ्यावी. नमुना आधी दाखवा, तारीख लिहून द्या आणि पाळा. घाऊक बाजारातून आणलेला माल 'आमच्या गटाचा' म्हणून विकू नका. एकदा हे उघडं पडलं की शेजारच्या प्रामाणिक गटाचंही गिऱ्हाईक तुटतं. आणि वस्तूवर करणारीचं नाव लिहा. लाजू नका. दुसऱ्यांची नावं छापण्यात आपण बरीच वर्षं घालवली आहेत.

नगरपरिषदा आणि महापालिकेकडे एकच मागणं. फीत कापायचा कार्यक्रम गणपतीनंतर लगेच घ्या, वसुबारसेला नको. प्रदर्शन नमुने बघून ऑर्डर नोंदवण्यासाठी भरवा, आणि तेही स्टेशनजवळ. संध्याकाळी लोकलमधून उतरलेला माणूस मैदान शोधत जात नाही.

आता तुमचं काम. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा असेल तर सेक्रेटरींना आजच फोन करून हा विषय घ्यायला लावा. सभेला येताना ओळखीच्या एखाद्या गटाचा नमुना आणि दर घेऊन या, खजिनदाराला चेकबुक आणायला सांगा. आणि हा विषय पार्किंगच्या आधी घ्या. पार्किंग एकदा सुरू झालं की दुसरं काही होत नाही.