उतरताना आई आठवते!

जिना चढताना काही वाटत नाही हो, उतरताना मात्र आई आठवते! दिवाळीत गावी गेलो होतो, बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात. अविनाश साबळेचं मांडवा आमच्याच तालुक्यातलं. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचं सिल्व्हर मारलं, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत. त्यामुळे इथल्या नुसत्या हवेनेही पायात बळ येतं, असा माझा (एसी ऑफिसातला) समज. डोंगरउतारावर दहा किलोमीटर पळालो. दुसऱ्या दिवशी मांड्यांचा दगड!

जिममधले मित्र म्हणतात, लॅक्टिक अ‍ॅसिड. साफ चूक. ते तासा-दीड तासात निघून जातं. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात आणि ठणका एक ते तीन दिवसांत टिपेला जातो. यावर फॅशनेबल उपाय म्हणजे आइस बाथ. १० ते १५ अंशांच्या पाण्यात कमरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. (हार्टचा, बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, प्लीज!) २०१२ च्या कोक्रेन रिव्ह्यूत १७ छोट्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नुसतं बसून राहण्यापेक्षा यानं दुखणं कमी झालेलं दिसलं. पण बॉडी कमवायची असेल तर थांबा. २०१५ च्या एका अभ्यासात बारा आठवडे वजनं उचलून लगेच गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले.

मी काकूकडे ड्रम मागितला.

"आरं, दोनशे लिटर पाण्यात तू एकटा बसणार व्हय? टँकरच्या साली एवढ्यात आपलं घर दोन दिस काढायचं."

काका-काकूंचा कोयता बारा सीझन चालला. उसाची मोळी डोक्यावर, फळीवरून ट्रकवर चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. तेव्हा पाय दुखले की काय करायचीस, मी विचारलं.

"काय करायचं? दुसऱ्या दिशी परत फडात."

गंमत बघा, हलकी हालचाल केली तर ठणका तेवढ्यापुरता कमी होतो, हे खरंच आहे. पण तिच्या त्या दुसऱ्या दिवसात हलकं काहीच नव्हतं. ड्रमचा विषय मी तिथेच सोडला.

शेवटी विहिरीत उतरलो. पाणी विशीच्या वरचं, म्हणजे शास्त्राच्या हिशेबात नापास. तरी कमरेएवढ्या पाण्यात बरं वाटलं. पायऱ्या बावीस होत्या. उतरताना एकेक मोजली होती.