‘काही सापडले नाही’ म्हणजे नेमके काय?

संगणकावर ‘कन्नड’ हा शब्द शोधला की बहुतेक वेळा भाषा समोर येते, गाव नाही. माणसाला ही गफलत लगेच कळते. तो पुढे ‘तालुका’ किंवा ‘ग्रामीण रुग्णालय’ असे शब्द जोडतो. एआय एजंट, म्हणजे आपल्या वतीने स्वतःच शोध घेऊन उत्तर तयार करणारी प्रणाली, तसे करीलच असे नाही. तिला माहितीसाठा दिसत नसतो. दिसते ते शोध-साधनाचे नाव आणि प्रोग्रामरने त्यासोबत लिहिलेले चार ओळींचे वर्णन. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने खुल्या केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्येही साधन कधी आणि कसे वापरायचे हे एजंट अशा वर्णनावरूनच ठरवतो.

वैद्यकशास्त्रात या चार ओळी फार महागात पडू शकतात. समजा, कन्नडजवळच्या एखाद्या वस्तीवर रात्री मक्याची कणसे गोळा करताना कुणाला लाल विंचू चावला. हातपाय गार, दरदरून घाम, छातीत धडधड. छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटरवर. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने एजंटला उपचाराबद्दल विचारले आणि एजंटने ‘पबमेड’ या वैद्यकीय लेखांच्या सूचीत शोध घेतला. या सूचीत ३ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत.

आता गंमत पाहा. या विंचवाचे शास्त्रीय नाव जुन्या भारतीय लेखांत ब्युथस टॅम्युलस, नंतर मेसोब्युथस टॅम्युलस आणि आता हॉटेनटोटा टॅम्युलस. विंचू तोच, नावे तीन. एजंटने फक्त नवे नाव अवतरणचिन्हांत टाकले, तर पबमेड आपणहून समानार्थी संज्ञा जोडत नाही. अवतरणचिन्हांमुळे ती सोय बंद होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाबद्दल १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीच्या शीर्षकात मेसोब्युथस आहे. म्हणजे कोकणातल्या दवाखान्यात उभे राहिलेले, जगाने मान्य केलेले काम नेमके गरजेच्या वेळी हाती न लागण्याची शक्यता आहे. ‘विंचूदंशासाठी सूचीचा ठरावीक विषयशब्दही वापरा, जुनी नावेही घाला’ असे एक वाक्य वर्णनात असते, तर काम भागले असते.

दुसरा धोका याहून छुपा आहे. प्रोग्राममधून पबमेडला विचारले की, वेगळे सांगितले नाही तर, पहिल्या २० नोंदींचेच क्रमांक मिळतात. एकूण किती सापडल्या तो आकडा उत्तरात असतो, पण साधनाने तो पुढे दिला नाही तर एजंट वीसलाच सगळे समजतो. शिवाय नोंदणीकृत की नसेल तर सेकंदाला ३ च विनंत्या चालतात, की असेल तर १०. घाईत मर्यादा ओलांडली की चूक-संदेश येतो, आणि आळशी प्रोग्रामर तो गिळून रिकामी यादी पुढे करतो. एजंट मग आत्मविश्वासाने सांगतो की, या विषयावर संशोधन उपलब्ध नाही! रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचलाच नाही आणि रिपोर्टवर मात्र ‘निगेटिव्ह’ छापून आले, असा हा प्रकार. ‘शोधले, पण सापडले नाही’ आणि ‘शोधताच आले नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. साधनाने ती वेगळीच द्यायला हवीत, आणि वर्णनात तसे स्वच्छ लिहायला हवे.

जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले. जुन्या लेखांत पत्ता औरंगाबादचाच आहे, आणि औरंगाबाद बिहारमध्येही आहे. इथल्या आजारांवरचे काम शोधणाऱ्याला हे कोणी सांगायचे? प्रोग्रामरला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून असे वर्णन लिहिताना तालुक्याच्या ठिकाणी काम केलेला एखादा डॉक्टर, निदान एक वैद्यकीय ग्रंथपाल शेजारी बसवावा. त्याला अर्धा दिवस पुरतो. एवढे मोठमोठे प्रकल्प जाहीर होतात, पण या अर्ध्या दिवसासाठी तरतूद क्वचितच दिसते.

लिहून झाल्यावर तो कागद नव्याने रुजू झालेल्या इंटर्नला वाचायला द्यावा आणि विंचूदंशावरचे लेख त्यावरूनच शोधायला सांगावे. तो जिथे अडेल, तिथे वाक्य वाढवावे.