सेवा नको, शुश्रूषा हवी

घरात दीर्घ दुखणे आले की आपल्याकडे ‘सेवा’ हा शब्द लगेच हजर होतो. सुनेने सासऱ्यांची किती सेवा केली, हे तेराव्याला सांगितले जाते आणि ऐकणारे मान डोलावतात. आमचा आक्षेप त्या सुनेच्या कष्टांवर नाही, या शब्दावर आहे. सेवेत एक जण करतो आणि दुसरा केवळ करवून घेतो. हार्ट फेल्युअरमध्ये नेमके हेच नाते रुग्णाच्या मुळावर येते.

मुळात नावानेच घोळ केला आहे. मराठीत ‘हार्ट फेल झाले’ म्हणजे माणूस गेला. वस्तुतः या आजारात हृदय थांबलेले नसते. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलताना ते कमी पडते. पाणी साठते, पाय सुजतात, आडवे होताच धाप लागते. हे वर्षानुवर्षे सांभाळायचे दुखणे आहे. रोज सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करून ते वहीत लिहायचे, मीठ आवरायचे, गोळी चुकवायची नाही. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढले, तर ते बहुधा साठलेले पाणी असते. डॉक्टरांना लगेच कळवायचे.

बार्बरा रीगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अशा स्व-काळजीची तीन अंगे मांडली : नित्याचा सांभाळ, शरीरावर लक्ष आणि लक्षण दिसताच कृती. यांतले मधले अंग घरच्यांना परस्पर उरकता येत नाही. धाप ज्याला लागते, त्यालाच ती आधी कळते.

आमच्यापैकी एकाच्या घरी हे उशिरा उमगले. वजन मुलगा पाही, गोळ्या सून देई, लोणच्याची बरणी कुलपात असे. डॉक्टरही वडिलांसमोर मुलाशीच बोलत. सलग तीन रात्री वडिलांनी उशाखाली जास्तीची उशी घेतली आणि कोणाला सांगितले नाही. आपल्या शरीराचा हिशेब आता आपल्याकडे नाही, असे आम्हीच त्यांना शिकवले होते. चौथ्या दिवशी अतिदक्षता विभाग गाठावा लागला. सेवेत मात्र कसूर नव्हती!

वृद्धांना हे जमत नाही, असे कोणी म्हणेल. ज्याची स्मृती ढासळली आहे त्याच्यासाठी घरच्यांना सारे करावेच लागेल. परंतु जन्मभर दुकानाची खातेवही लिहिलेल्या माणसाला वजनाचा आकडा लिहिता येत नाही, हे आम्हांस मान्य नाही. आणि रुग्ण घरातली बाईच असेल तर? तेव्हा सेवेची भाषा एकाएकी गप्प होते. स्वयंपाक तीच करते, आमटीत मीठ इतरांच्या जिभेप्रमाणे पडते आणि पथ्याचे पान तिने वेगळे वाढून घ्यावे, अशी अपेक्षा असते. तिथे साऱ्या घराने अळणी खाणे हीच खरी मदत.

आपल्या भाषेत याहून नेमका शब्द आहे. ‘शुश्रूषा’ हा ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपावरून आला. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. तेव्हा वही रुग्णाच्या हाती द्यावी, काल रात्री किती उशा लागल्या हे रोज विचारावे आणि तो उत्तर देईपर्यंत शेजारी बसावे.